परग्रही रोपण : दावे व वैज्ञानिक चिकित्सा

परग्रही रोपण : परग्रहावरील सजीवांनी माणसाला पळवून नेऊन त्याच्या शरीरात एखादी वस्तू बसवली, असा दावा. ही वस्तू बहुधा नाकात, कानामागे, मनगटात, पोटरीत किंवा पायाच्या अंगठ्यात असल्याचे सांगतात. तिचा उपयोग माग काढण्यासाठी किंवा मनावर ताबा ठेवण्यासाठी होतो, अशी दावेदारांची समजूत असते. अशा काही वस्तू शस्त्रक्रियेने बाहेर काढून तपासल्या गेल्या आहेत. त्यांपैकी एकीचेही मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध झालेले नाही.

उगम : याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात कल्पनेचे मूळ बेटी व बार्नी हिल या अमेरिकन दांपत्याच्या १९६१ च्या कथनात शोधतात. त्या कथनात बेंबीत सुई टोचल्याचा उल्लेख आहे, शरीरात काही ठेवून दिल्याचा नाही. त्यामुळे ते मूळ मानणे अवघड आहे. दुसरे मत मॅसॅच्युसेट्समधील एका महिलेच्या कथनाकडे बोट दाखवते. तिच्या नाकातून काटेरी गोळी काढल्याचा प्रसंग १९६७ चा म्हणून सांगितला जातो, पण तपशील पुढे आला तो १९७७ च्या सुमारास, संमोहनाखाली. ब्रिटिश अभ्यासक पीटर रॉजरसन यांनी माग १९५७ पर्यंत मागे नेला. न्यूयॉर्कच्या लाँग जॉन नेबेल यांच्या रेडिओ कार्यक्रमात एका पाहुण्याने आपल्या शेजाऱ्याची हकीकत सांगितली होती : १९३८ च्या सुमारास परग्रहींनी त्याला पळवले आणि कानामागे लहान इअरफोन बसवून ताब्यात ठेवले. रॉजरसन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण ‘शरीराला बसवलेले यंत्र’ आणि ‘त्यातून चालणारा ताबा’ हे दोन्ही घटक येथे प्रथमच एकत्र दिसतात.

मनोविकारशास्त्राच्या नोंदींत हाच साचा याहून जुना आहे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये एका रुग्णाची हकीकत छापली. वायूंवर चालणारा एक ‘माग’ (विणमागासारखे यंत्र) दुरून आपल्यावर हुकमत गाजवतो, असे तो रुग्ण म्हणे. मनोविश्लेषक व्हिक्टर टाउस्क यांनी १९१९ मध्ये अशा ‘प्रभाव पाडणाऱ्या यंत्रा’च्या भ्रमाचे स्वतंत्र विवेचन केले. यंत्राचे रूप काळाप्रमाणे बदलते : वायूंचा माग, मग रेडिओ, मग चिप.

१९८० नंतर बड हॉपकिन्स आदींच्या संमोहनाधारित लेखनातून ही कल्पना पसरली. ऑगस्ट १९९५ पासून कॅलिफोर्नियातील पायांचे डॉक्टर रॉजर लेअर (मृत्यू २०१४) यांनी अशा पंधराएक वस्तू काढल्याचा दावा केला. त्यांच्या पुराव्याचे मुख्य मुद्दे असे : वस्तूभोवती दाह नव्हता, तिच्यावर सुरीला दाद न देणारे चिवट आवरण होते, आणि त्वचा अतिनील दिव्याखाली चमकत होती.

शरीरातील परकीय वस्तू : हे तिन्ही मुद्दे शल्यचिकित्सेतील रोजच्या अनुभवाला धरून आहेत. काच, धातू किंवा काटा आत शिरला की काही मिनिटांत त्यावर रक्तातील प्रथिनांचा थर बसतो. पहिल्या दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येतात, मागोमाग परकीय कण गिळणाऱ्या महाभक्षी पेशी. वस्तू गिळता आली नाही तर महाभक्षी पेशी एकमेकींत मिसळून बृहत्पेशी बनतात आणि बाहेरून कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे आवरण चढते. वस्तू निष्क्रिय असेल (काच, पोलाद, ग्रॅफाइट) तर आवरण पुरे झाल्यावर दाह ओसरतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या काचेभोवती दाह नसणे हेच अपेक्षित. वस्तू वनस्पतिजन्य असेल तर उलट घडते. काटा वर्षानुवर्षे खदखदतो, गाठ फुटते, बुजते, पुन्हा फुटते. जुने कोलॅजन व घट्ट केराटिन शस्त्रक्रियेच्या ११ किंवा १५ क्रमांकाच्या ताज्या पात्यालाही नेटाने अडवते, आणि एकदा हाडाला लागून बोथटलेले पाते तर त्यावरून नुसते घसरते.

विदर्भात याचे उदाहरण शेतातच सापडते. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यात बाभळीच्या काट्याचे टोक मोडते, किंवा पऱ्हाटी-तुराटीचा (कापूस व तुरीच्या झाडाचा) कापलेला खुंट घुसतो. घरी सुईने अर्धा काटा निघतो, उरलेला विसरला जातो. वर्षांनी तेथे कडक गाठ होते आणि तिला कुरूप म्हणून मलम लावले जाते. काट्यावाटे बुरशी शिरली तर मदुरा पाय हा जुनाट संसर्ग होतो. त्याच्या वाहत्या तोंडांतून खसखशीएवढे काळे दाणे पडतात. हे दाणे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुणीतरी आत पेरल्यासारखे वाटावेत असेच असतात. नाकातील ‘रोपणा’चा नेहमीचा उलगडा म्हणजे नासाश्म : लहानपणी नाकात गेलेला चिंचोका, मणी किंवा बटण यांवर कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांची पुटे चढून झालेला खडा. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये पिनियल ग्रंथीत दिसणारा पांढरा ठिपका बहुतेकदा प्रौढांत सर्रास आढळणारे चुनखडीकरण असते.

अतिनील चमकेचेही तसेच. सुमारे ३६५ नॅनोमीटरच्या वुड दिव्याखाली पायाच्या बोटांच्या बेचक्यातील एरिथ्रास्मा हा जिवाणुसंसर्ग पोवळ्यासारखा लाल दिसतो, काही बुरशी हिरवट दिसतात, आणि कपड्यांतून त्वचेवर आलेली धुण्याच्या पावडरीतील शुभ्रक द्रव्ये निळी चमकतात. तपासणीपूर्वी पाय साध्या पाण्याने धुऊन पुन्हा दिवा धरला की शेवटचा प्रकार बहुधा नाहीसा होतो.

तपासणीची पद्धत : प्रथम दोन कोनांतून साधा एक्स-रे. पोलाद व शिसे ठळक दिसतात. काच २ मिलिमीटरहून मोठी असेल तर बहुतेक वेळा दिसते. ॲल्युमिनियम फिकट असल्याने हुकते. लाकूड व काटा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी उच्च वारंवारितेची सोनोग्राफी लागते. तीत काटा तेजस्वी रेघ म्हणून आणि भोवतालचा द्रव काळ्या कड्यासारखा दिसतो. आत लोखंड असण्याची शंका असेल तर एक्स-रे न काढता एमआरआयमध्ये घालू नये. डोळ्याजवळचा कण सरकून दृष्टी जाऊ शकते. वस्तू खरोखर प्रक्षेपक (संदेश पाठवणारे यंत्र) असेल तर तांब्याच्या तारेचे वेटोळे व ऊर्जेचा स्रोत चित्रात दिसलाच पाहिजे. जनावरांना टोचतात ती ओळख-चिप सुमारे १२ मिलिमीटर लांब असते. तिला स्वतःची ऊर्जा नसते आणि ती काही सेंटिमीटरांवरूनच वाचता येते.

बाहेर काढलेल्या वस्तूचे काय करायचे, यावर सारा निकाल अवलंबून असतो, आणि बहुतेक दावे येथेच कोसळतात. भोवतालचे ऊतक १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, वस्तू कोरड्या व सीलबंद बाटलीत, दोन्हींचे वजन व छायाचित्र शस्त्रक्रियागृहातच, आणि बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची सहीनिशी नोंद हवी. वस्तू रुग्णाच्या खिशातून प्रयोगशाळेत आली तर पुढच्या विश्लेषणाला फारसा अर्थ उरत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेले एक्स-रे वर्णपटमापक कोणती मूलद्रव्ये आहेत ते सांगते, समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) सांगत नाही. नमुन्यावर सोन्याचा मुलामा दिला असेल तर सोन्याचा शिखरबिंदू दिसणारच. ॲल्युमिनियमच्या बैठकीवरून ॲल्युमिनियमही येते. कॅल्शियम-फॉस्फरस चिकटलेल्या ऊतकातून येतात. लोह व निकेल एकत्र दिसले की ‘उल्कापाषाण’ ही घोषणा होते. पण ३०४ प्रकारच्या गंजरोधक पोलादातही ८ ते १०.५ टक्के निकेल असते, सोबत १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. उल्कालोहात क्रोमियम अत्यल्प, मात्र कोबाल्ट साधारण अर्धा टक्का असते. निर्णायक चाचणी समस्थानिकांच्या गुणोत्तराची. तांब्याच्या ६३ व ६५ या समस्थानिकांचे पृथ्वीवरील प्रमाण साधारण ६९ : ३१, चांदीच्या १०७ व १०९ चे ५२ : ४८. यासाठी नमुना सहसा आम्लात विरघळवावा लागतो. आयसीपी-एमएस या, अणू वस्तुमानानुसार वेगळे मोजणाऱ्या यंत्रात आर्गॉन व ऑक्सिजनचा संयुक्त आयन नेमका लोह-५६ च्या वस्तुमानावर पडतो. ही सरमिसळ दूर केली नाही तर साधा खिळाही ‘अपार्थिव’ गुणोत्तर दाखवतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच यंत्रावर ज्ञात पोलादाचा नमुना चालवलेला नसेल तर असा अहवाल स्वीकारू नये.

तपासलेली प्रकरणे : तोंडातून निघालेली अशी एक वस्तू मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांनी तपासून घेतली; ती दातात भरण्याचे पारा, कथिल व चांदीचे मिश्रण निघाली. एमआयटीचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिचर्ड यांनी, विषयाबद्दल सहानुभूती असूनही, आपल्याकडे आलेली वस्तू मानवी ऊतकाचे थर व त्यांत अडकलेले कापसाचे तंतू अशी असल्याचे मान्य केले. हा प्रामाणिकपणा आवर्जून नोंदवावा असा आहे.

नागपूर व विदर्भ : येथे या दाव्याचे जुने भाऊबंद म्हणजे करणी व भानामती. पोटात कुणीतरी केस, खडे, सुया ‘घातल्या’ आहेत असे सांगून मांत्रिक त्या चोखून काढल्याचे दाखवतो. वस्तू आधीच गालात किंवा बोटांच्या बेचक्यात दडवलेली असते. घालणारा बदलला, तर्क तोच राहिला. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या, नागपूर केंद्र असलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा प्रकारांविरुद्ध प्रबोधन केले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत बोटांनी शस्त्रक्रिया करण्याचा दावा हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. आकाशातल्या वस्तूंबाबत २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ बोलकी आहे. विदर्भभर जळती रांग दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. कक्षा जुळवून तज्ज्ञांनी ते चिनी लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या टप्प्याचे ठरवले.

दावेदाराशी वर्तन : असे सांगणारी बहुतेक माणसे खोटे बोलत नसतात. झोपमोड होताना शरीर लुळे पडणे, छातीवर कुणी बसल्याचा भास होणे, खोलीत कुणी असल्याची खात्री वाटणे हा निद्रा-पक्षाघात असतो, आणि संमोहनात त्याभोवती कथा रचली जाते. मानसशास्त्रज्ञ सुझन क्लॅन्सी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की अपहरणाच्या आठवणी सांगणारे लोक, आधी दिलेल्या शब्दांच्या यादीत नसलेले शब्दही तीत होते असे इतरांपेक्षा अधिक वेळा सांगतात. वस्तू दिसत नसताना केवळ समाधानासाठी चीर देऊ नये. व्रण हाच पुढे नवा पुरावा बनतो. वस्तू दिसत असेल तर ती काढावी आणि ऊतकाचा अहवाल रुग्णासमोर बसून, शब्दांचा अर्थ सांगत वाचावा. ‘चिप’मधून आज्ञा ऐकू येतात, झोप तुटली आहे, जेवणावर संशय आहे अशी लक्षणे सोबत असतील तर शल्यचिकित्सकाआधी मनोविकारतज्ज्ञाची भेट ठरवावी, आणि तीही नातेवाइकांनी हसू दाबत नव्हे, आदराने.