पहिलारू कालवड: कास रोज बघा, पण पिळू नका

संकरित कालवड रेतनानंतर साधारण 280 दिवसांनी विते. गीर, साहिवालला आठवडाभर जास्त लागू शकतो. रेतनाची तारीख वहीत असेल, तर 255व्या-260व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कास पाहायला लागा.

"अजून दूधच नाही, मग दगडी कुठून होणार?" असे अनेक जण विचारतात. दगडी, म्हणजे जंतूंमुळे होणारा कासेचा आजार, होते, आणि विण्याआधीच होते. माशा सडाच्या टोकाला चावतात, तिथे जखम होते आणि त्याच माशा जंतू आणतात. लहानपणी एकमेकींचे सड चोखणाऱ्या कालवडींनाही हा धोका असतो. मग व्याल्यावर एक सड आंधळा, म्हणजे दूध न येणारा, निघतो, आणि तो सहसा परत चालू होत नाही. म्हणून गोठ्यातल्या माशा कमी करणे हा यावरचा पहिला उपाय.

सडाच्या छिद्रात मेणासारखे बूच असते. चीक उतरला का हे बघायला दोन धारा काढल्या की ते निघते आणि जंतूंना वाट मोकळी होते. ही चूक कृपया करू नका. नुसते बघा: चारही सड सारखे भरलेत का? एखादाच कप्पा फुगलाय का? एखादाच सड सुकलेला, सुरकुतलेला दिसतो का?

कास सुजली म्हणजे दगडीच, असे मात्र नाही. पहिलारूला विण्याच्या तोंडावर कासेत पाणी उतरते, कधी सूज बेंबीपर्यंत जाते. बोटाने दाबा. खड्डा पडून तसाच राहिला, कातडी थंड असली आणि जनावर शांत उभे राहिले, तर ती पाण्याची सूज. शेवटचे तीन आठवडे आंबवणात (खुराकात) जादा मीठ घालू नका, मिठाची चाटण वीट काढून ठेवा, पण पिण्याचे पाणी तोडू नका. रोज थोडे फिरवा. कासेला खालून पोटाकडे हलक्या हाताने चोळा, सड सोडून. याउलट एकच कप्पा गरम, कडक लागत असेल, हात लावताच लाथ येत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. सडात औषधाची ट्यूब स्वतःच्या मनाने सोडू नका.

विणे एक-दोन दिवसांवर आले की शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, निरण (योनीचे बाहेरचे तोंड) सुजून सैल होते, चिकट तार लोंबते, सड ताठ होऊन चकाकतात. अंगाचे तापमान आदल्या दिवसांपेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने उतरते. रोज एकाच वेळी मोजत असाल तरच हे कळेल. एका लक्षणावर विसंबू नका, कारण पहिलारू महिनाभर आधीही कास करते. विणे अगदी तोंडावर आले की ती वैरण सोडते, उठबस करते, शेपटी वर धरते. तिला कोरड्या, स्वच्छ जागेत मोकळी सोडा आणि गर्दी करू नका.

पाणमोट फुटल्यावर तासाभरात काहीच पुढे सरकले नाही, तर वाट बघत बसू नका. वासराच्या पुढच्या खुरांचे तळवे खाली आणि त्यावर नाक, ही सरळ स्थिती. तळवे वर दिसले तर बहुधा मागचे पाय आहेत. ओढाताण न करता डॉक्टरांना फोन करा. 1962 वर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे.

वार (विल्यानंतर बाहेर पडणारा गर्भावरणाचा भाग) पडेपर्यंत वासराला चीक न पाजण्याची पद्धत अजून अनेक गावांत आहे. ती सोडा. वासरू चोखते तेव्हा गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. 25 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन ते अडीच लिटर चीक मिळालाच पाहिजे. वार 12 तासांत पडली नाही, तर तिला दगड बांधू नका, ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या दिवसापासून धार काढून झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाय अर्धा तास बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाका, कारण तोवर सडाचे छिद्र उघडे असते. दगडी तपासायचे पॅडल-किट मात्र पाचव्या दिवसानंतर वापरा. चिकावर ते फसवे उत्तर देते.