किरणोपचारातील निरोगी पेशींची जनुकीय हानी

कर्करोगावरील उपचारासाठी दिलेल्या आयनीकारक प्रारणांमुळे अर्बुदाभोवतालच्या, प्रारणाच्या वाटेवरील आणि रक्तातून फिरणाऱ्या निरोगी पेशींच्या डीएनएत व गुणसूत्रांत होणारे बदल. यांपैकी बहुतेक बदल काही तासांत दुरुस्त होतात, काही पेशी मरतात आणि थोड्या पेशी चुकीची दुरुस्ती अंगावर वागवत जिवंत राहतात. उपचारानंतर अनेक वर्षांनी उद्‌भवणारे दुय्यम कर्करोग या तिसऱ्या गटाशी जोडले जातात. येथे विचार शरीरपेशींचा आहे. जननपेशींतून पुढच्या पिढीत जाणारी हानी प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध झाली असली, तरी किरणोपचार घेतलेल्यांच्या अपत्यांच्या पाहण्यांत ती स्पष्टपणे आढळलेली नाही.

हानीचे स्वरूप : क्ष-किरणांची १ ग्रे (ऊतकात शोषल्या गेलेल्या प्रारण-ऊर्जेचे एकक) मात्रा एका पेशीला मिळाली की तिच्या डीएनएत सुमारे १,००० एकेरी भंग (एकच धागा तुटणे), ३५ ते ४० दुहेरी भंग (समोरासमोरचे दोन्ही धागे तुटणे) आणि हजाराहून अधिक बिघडलेले आधारक (डीएनएच्या धाग्यावरील ‘अक्षरे’) निर्माण होतात. केवळ संख्या पाहिली, तर एकेरी भंगांचा आकडा क्षुल्लक आहे. पेशीच्या स्वतःच्या चयापचयामुळेच रोज याहून कितीतरी अधिक एकेरी भंग होत असतात. प्रारणाचे वेगळेपण ऊर्जा कशी सांडते यात आहे. इलेक्ट्रॉनाच्या मार्गाच्या शेवटी काही नॅनोमीटरच्या जागेत अनेक आयनीकरणे एकत्र घडतात, त्यामुळे डीएनएच्या एकाच वळणावर भंग व बिघडलेले आधारक यांचा पुंजका तयार होतो. असा पुंजका दुरुस्त करताना समोरचा धागा साचा म्हणून उपयोगी पडत नाही.

क्ष-किरणांनी होणाऱ्या डीएनए-हानीपैकी सुमारे दोन-तृतीयांश हानी अप्रत्यक्ष असते. पेशीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील रेणुखंड) बनतात व ती डीएनएवर हल्ला करतात. ही मूलके काही नॅनोमीटरपलीकडे पोचत नाहीत. ऑक्सिजन हजर असल्यास मूलकामुळे झालेला बदल पक्का होतो. तेवढ्याच परिणामासाठी ऑक्सिजनरहित पेशीला २.५ ते ३ पट मात्रा लागते. निरोगी ऊतकांना रक्तपुरवठा चांगला असल्याने त्यांना हे संरक्षण मिळत नाही, ते मिळते अर्बुदाच्या प्राणवायू न पोचलेल्या गाभ्याला. कार्बन आयनांसारख्या दाट आयनीकरण करणाऱ्या कणांच्या बाबतीत प्रत्यक्ष हानीचे प्रमाण वाढते आणि ऑक्सिजनचा प्रभाव कमी होतो. दर मायक्रोमीटरला सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देणारे कण सर्वांत परिणामकारक ठरतात, कारण तेथे दोन आयनीकरणांमधील सरासरी अंतर डीएनएच्या व्यासाइतके, म्हणजे २ नॅनोमीटर, होते.

दुरुस्ती : भंगाची पहिली खूण म्हणजे एटीएम या एंझाइमाने आसपासच्या एच२एएक्स या हिस्टोन प्रथिनाला फॉस्फेट गट जोडणे. हे काही मिनिटांत सुरू होऊन सुमारे अर्ध्या तासात कमाल पातळीला पोचते. पुढे दोन मुख्य मार्ग आहेत. केयू७०–केयू८० ही प्रथिनजोडी तुटलेली टोके पकडते व लायगेज-४ ती सांधतो. हा मार्ग पेशीचक्राच्या सर्व अवस्थांत चालतो. दुसऱ्या मार्गात बीआरसीए२ व आरएडी५१ या प्रथिनांच्या साहाय्याने भगिनी अर्धगुणसूत्राची (गुणसूत्र दुप्पट झाल्यावर मिळणाऱ्या जोडप्रतीची) नक्कल वापरली जाते. तो अधिक अचूक आहे, परंतु डीएनए दुप्पट झाल्यावरच उपलब्ध होतो. शरीरातील बहुसंख्य निरोगी पेशी विभाजनापूर्वीच्या विश्रांत अवस्थेत असल्याने त्यांची भिस्त पहिल्या मार्गावर असते, आणि हा मार्ग दोन टोके मुळात एकमेकांचीच होती का हे तपासत नाही. अर्धेअधिक भंग पहिल्या एक-दोन तासांत सांधले जातात. दाट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनातील (डीएनए व हिस्टोन यांच्या गुंडाळीतील) भंगांना कित्येक तास लागतात.

विनिमयाच्या (गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीच्या) उत्पत्तीविषयीचे वाद : क्ष-किरणांनी उत्परिवर्तने होतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीत दाखवले. गुणसूत्रांची मोडतोड नेमकी कशी होते यावर मात्र दीर्घकाळ दोन पक्ष होते. कार्ल सॅक्स यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ट्रॅडेस्कॅंशिया वनस्पतीच्या परागपेशी तपासून मांडले की, प्रारणाने आधी गुणसूत्र तुटते. नंतर टोके पूर्ववत जुळतात, तशीच राहतात किंवा भलत्याच टोकांशी जुळतात. एका भंगाने होणारे दोष मात्रेच्या सम प्रमाणात वाढतात, दोन भंग लागणारे दोष त्याहून वेगाने वाढतात आणि मात्रा सावकाश दिल्यास कमी होतात, हा त्यांचा मुख्य आधार. ली व कॅचसाइड यांनी १९४२ मध्ये याला गणिती रूप दिले. १९५० च्या दशकात रेव्हेल यांनी घेवड्याच्या जातीतील व्हिसिया फाबाच्या मूलाग्रांवरून उलट बाजू मांडली : सुरुवातीला पूर्ण भंग नसतोच, केवळ अस्थिर जागा असतात, अशा दोन जागा शेजारी आल्या की विनिमय घडतो आणि साधा तुटका दिसणारा तुकडासुद्धा वस्तुतः अपूर्ण विनिमयच असतो. या मतानुसार दिसणाऱ्या तुटींपैकी ४० टक्क्यांच्या ठिकाणी भगिनी अर्धगुणसूत्रांची अदलाबदल आढळायला हवी. ब्रोमोडीऑक्सियुरिडिनने दोन अर्धगुणसूत्रे वेगळी रंगवण्याची पद्धत आल्यावर हे पडताळता आले. प्रत्यक्ष प्रमाण बरेच कमी भरले.

सॅक्स-पक्षाला बळ मिळाले ते दोन प्रकारच्या प्रयोगांतून. प्रारणित विश्रांत पेशीचा विभाजनातील पेशीशी संयोग घडवला की तिची गुणसूत्रे वेळेपूर्वीच घट्ट होऊन दिसू लागतात. तेव्हा तुकड्यांची संख्या मात्रेच्या सम प्रमाणात असते व पुढील काही तासांत घटत जाते. दुसरे म्हणजे, डीएनए ठरावीक जागी कापणारी एंझाइमे पेशीत सोडल्यास, प्रारण न देताही, तसेच गुणसूत्रदोष निर्माण होतात; म्हणजे दुहेरी भंग एवढे कारण पुरेसे आहे. डीएनए दुप्पट झाल्यानंतरच्या अवस्थेतील दोषांबाबत रेव्हेल यांच्या कल्पनेचा काही भाग अजून टिकून आहे. मात्र किरणोपचारात महत्त्वाच्या असलेल्या विश्रांत पेशींसाठी ‘आधी भंग, मग गैरजोड’ हेच मत ग्राह्य धरणे योग्य ठरते.

या वादाचे व्यावहारिक फलित म्हणजे रेषीय-वर्ग सूत्र. विभाजनात गुणसूत्र ज्या बिंदूने ओढले जाते असे दोन गुणसूत्रबिंदू असलेल्या, म्हणजे द्विकेंद्री, गुणसूत्रांची दर पेशीमागील संख्या = आल्फा × मात्रा + बीटा × मात्रेचा वर्ग. पहिल्या पदात दोन्ही भंग एकाच कणमार्गाने झालेले असतात, दुसऱ्यात दोन स्वतंत्र मार्गांनी. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसाठी गुणक ठोकळ मानाने ०.०३ व ०.०६ धरले, तर ४ ग्रे एकदम दिल्यास दर लिंफोसाइटमागे (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीमागे) सुमारे १.०८ द्विकेंद्री गुणसूत्रे होतील. तीच मात्रा २ ग्रेच्या दोन भागांत, दिवसाच्या अंतराने दिल्यास ०.६०. पहिल्या दिवसाचे भंग दुसऱ्या दिवसापर्यंत मिटलेले असतात, त्यामुळे गैरजोडीला जोडीदार उरत नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज २ ग्रे या परिचित पद्धतीमागचे हे एक कारण. दिवसातून दोनदा मात्रा द्यायची असल्यास मध्ये किमान ६ तास ठेवतात. मज्जारज्जूसारख्या ऊतकात दुरुस्ती मंद असल्याने याहून कमी अंतर धोक्याचे ठरते. दाट आयनीकरण करणाऱ्या कणांच्या बाबतीत बीटा पद नगण्य होते व मात्रा विभागण्याचा हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो.

मापन : रुग्णातील हानी मोजण्यासाठी बहुधा रक्तातील लिंफोसाइट वापरतात. द्विकेंद्री गुणसूत्रांच्या चाचणीत हेपॅरिनयुक्त नळीत रक्त घेऊन फायटोहेमॅग्लुटिनिनने लिंफोसाइटना विभाजनास प्रवृत्त करतात, ३७ अंश सेल्सिअसला ४८ तास संवर्धन करतात आणि शेवटचे काही तास कोल्सेमिड घालून विभाजन मध्यावस्थेत अडवतात. नंतर ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडात पेशी फुगवून मेथॅनॉल व ॲसिटिक अम्ल यांच्या ३:१ मिश्रणात स्थिर करतात आणि गिम्सा रंजकाने रंगवतात. प्रारण न मिळालेल्या व्यक्तीत दर हजार पेशींमागे सुमारे एक द्विकेंद्री गुणसूत्र आढळते, त्यामुळे लहान मात्रेसाठी ५०० ते १,००० पेशी मोजाव्या लागतात. संवर्धन लांबले की दुसऱ्या विभाजनातील पेशी मिसळतात. द्विकेंद्री गुणसूत्र पहिल्याच विभाजनात दोन ध्रुवांकडे ओढले जाऊन बऱ्याचदा नष्ट होत असल्याने उत्तर कमी येते.

किरणोपचाराच्या रुग्णात आणखी एक अडचण असते. प्रारण शरीराच्या एका भागाला मिळते, त्यामुळे काही लिंफोसाइटमध्ये अनेक दोष, तर बाकीच्यांत एकही नाही अशी विभागणी दिसते. संपूर्ण शरीराला सारखी मात्रा मिळाल्यास दोषांचे वाटप प्वासाँ नियमाने (निव्वळ यदृच्छेने, विचरण सरासरीइतके राहील असे) होते. येथे विचरण सरासरीपेक्षा मोठे निघते. उपचार पुढे सरकतो तसे रक्त पुनःपुन्हा क्षेत्रातून जाते, फार बिघडलेल्या पेशी मरतात आणि दोषांची वाढ मंदावते. म्हणून अशा आकड्यावरून काढलेली ‘समतुल्य मात्रा’ अर्बुदाजवळच्या त्वचेची किंवा आतड्याची हानी सांगत नाही. जुन्या उपचाराचा मागोवा घ्यायचा असल्यास प्रतिदीप्त रंगांनी दाखवलेली स्थानांतरणे (एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला जाणे) अधिक उपयुक्त, कारण ती विभाजनात टिकतात. मात्र वय व धूम्रपान यांनीही ती वाढतात.

फॉस्फेटयुक्त एच२एएक्सचे ठिपके मोजण्याची पद्धत याहून संवेदनशील आहे. रक्त घेतल्याबरोबर थंड करणे आवश्यक असते, अन्यथा नळीतच दुरुस्ती चालू राहते. डीएनए दुप्पट होत असलेल्या पेशींत असे ठिपके मुळातच असतात. त्या वगळाव्या लागतात.

व्यक्तिगत संवेदनशीलता : ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या विकाराच्या रुग्णांत नेहमीच्या मात्रेनेही अतितीव्र, काही वेळा प्राणघातक प्रतिक्रिया येतात, हे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले, कारणीभूत एटीएम जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. लायगेज-४ व निब्रिन या दुरुस्तीतील प्रथिनांच्या जनुकांतील दोषांतही असेच घडते. सर्वसामान्य रुग्णांतील फरक मात्र अनेक जनुकांच्या लहान लहान परिणामांतून येतो व त्यावरून मात्रा ठरवण्याजोगी चाचणी रूढ झालेली नाही.

उशिरा दिसणारे परिणाम : प्रारणजन्य ल्युकेमिया साधारण २ वर्षांनंतर दिसू लागतात, घन अर्बुदे बहुधा १० वर्षांनंतर. अमेरिकेतील कर्करोग-नोंदींवरून २०११ मध्ये केलेल्या विश्लेषणात, किरणोपचार घेतलेल्या प्रौढांतील दुसऱ्या घन कर्करोगांपैकी सुमारे ८ टक्के कर्करोग त्या उपचाराशी निगडित असावेत असा अंदाज निघाला. उरलेल्यांमागे वय, धूम्रपान व आनुवंशिकता अशी कारणे संभवतात. लहान वयात उपचार झालेल्यांत, तसेच आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या दृष्टिपटलाचा कर्करोग) असलेल्यांत जोखीम अधिक असते. अशा अर्बुदांच्या जनुकसंचांत १ ते १०० आधारकांची लहान लोपने (डीएनएचा तुकडा गळणे) व संतुलित व्युत्क्रमणे (तुकडा न गळता उलटा बसणे) जास्त आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गोष्टी भंगांच्या सदोष जोडणीशी सुसंगत आहेत, पण तपासलेली अर्बुदे थोडी होती.

ज्यांच्यातून कण गेलाच नाही अशा शेजारच्या पेशींतही बदल दिसतात. नागासावा व लिटल यांच्या १९९२ च्या प्रयोगात १ टक्क्याहून कमी केंद्रकांतून आल्फा कण गेले असता सुमारे ३० टक्के पेशींत भगिनी अर्धगुणसूत्रांची अदलाबदल वाढली. संवर्धित पेशींतील हे निरीक्षण रुग्णाला कितपत लागू पडते यावर एकमत नाही.

हानी कमी करणे : मुख्य उपाय म्हणजे निरोगी ऊतकाचे प्रारणित आकारमान घटवणे. तीव्रता-नियंत्रित पद्धतीत उच्च मात्रेचे क्षेत्र अर्बुदाला घट्ट बसते, पण अधिक दिशांनी शलाका येत असल्याने अल्प मात्रा मिळणारे क्षेत्र पसरते आणि यंत्र जास्त वेळ चालवावे लागल्याने गळती वाढते. १० मेगाव्होल्टच्या वरच्या शलाकांत न्यूट्रॉनही निर्माण होतात. म्हणून मुलांसाठी ६ मेगाव्होल्ट पुरेसे असल्यास तेच निवडतात. प्रोटॉन शलाका अर्बुदाच्या पलीकडच्या कडेपाशी थांबते. तिची जैविक परिणामकारकता नियोजनात क्ष-किरणांच्या १.१ पट धरतात, परंतु मार्गाच्या शेवटच्या काही मिलिमीटरांत ती याहून जास्त असते आणि तेथे एखादा नाजूक अवयव असल्यास शलाकेची दिशा बदलावी लागते. मुक्त मूलके टिपणारे ॲमिफॉस्टीन हे औषध लालाग्रंथींच्या रक्षणासाठी दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे २०० मिलिग्रॅम, प्रारणाच्या १५ ते ३० मिनिटे आधी शिरेतून देतात. रक्तदाब उतरणे व उलट्या यांमुळे त्याचा वापर मर्यादित राहिला.