मराठवाड्यातील प्रसारमाध्यमे

छत्रपती संभाजीनगर ते नांदेड-लातूरपर्यंतच्या आठ जिल्ह्यांत वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि आता मोबाइल यांनी घडवलेले लोकजीवन हा या नोंदीचा विषय.

हा प्रदेश १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चाले, त्यामुळे मराठीतून पत्र काढणे हीच राजकीय कृती ठरे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, की तेच पत्र नवे नाव घेऊन निघे. पुढे संपादक झालेल्या अनंत भालेरावांनी आणीबाणीत तुरुंगवास भोगला. सत्तेला न जुमानणाऱ्या या पत्राची, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या म्हणजे नामांतराच्या वादातली विरोधी भूमिका मात्र दलित चळवळीला खटकली, आणि त्याची चर्चा अजून थांबलेली नाही.

शेतकऱ्याच्या लेखी माध्यम म्हणजे आधी बाजारभाव. पूर्वी सोयाबीनचा भाव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत्याच्या (दलालाच्या) ओट्यावर गेल्यावरच कळायचा. मग तो रेडिओवर आणि पेपरात आला; आता पोते शिवायच्या आत मोबाइलवर येतो. अर्थात आडत्याकडून आधीच उचल घेतलेल्याला भाव कळूनही माल तिथेच घालावा लागतो.

बाहेरच्या माध्यमांना मराठवाडा आठवतो तो संकटात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तोवर नकाशात शोधावी लागणारी गावे देशभर पोचली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. स्टेशनवर कॅमेऱ्यांची गर्दी उसळली. गावोगाव टँकरपुढे लागलेल्या घागरींच्या रांगा त्याआधीही होत्या, पण रेल्वेइतक्या त्या चित्रात भरत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपने पेपराची वाट पाहणे संपवले आणि अफवेलाही तेवढाच वेग दिला. जिल्हा दैनिकांची अडचण निराळी आहे. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा जाहिराती गोळा करणारा आणि अंकाची वसुली करणाराही असतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात त्यानेच आणलेली असते. त्याच पुढाऱ्याच्या गावच्या उखडलेल्या रस्त्याची बातमी मग आतल्या पानावर, चार ओळींत, नाव न घेता छापून येते.