धातूवरील बारीक अक्षरे कशी कोरली गेली: ओळखीमागचा इतिहास

जुन्या भिंगाच्या कड्यावर, मोजपट्टीवर किंवा यंत्राच्या एखाद्या भागावर जेमतेम मिलिमीटरभर उंचीची अक्षरे दिसली, की ती कशी कोरली असावीत याचे उत्तर बहुतेक जण अक्षराच्या वळणावरून शोधू पाहतात. वळण मात्र फसवे असते, कारण त्याच वळणाचा आकडा ठशाने उमटवता येतो, पँटोग्राफने (मोठ्या नमुन्यावरून लहान नक्कल करणाऱ्या दांड्यांच्या यंत्राने) कोरता येतो आणि लेझरनेही काढता येतो. विचारायला हवे ते हे, की आज जिथे खाच आहे तिथला धातू गेला कुठे? तो बाजूला दाबला गेला असेल, तासून निघाला असेल, आम्लात विरघळला असेल किंवा उष्णतेने वितळून उडाला असेल. हे चार मार्ग माणसाच्या हाती वेगवेगळ्या काळी आले, त्यामुळे कोरण्याची पद्धत ओळखली की वस्तूच्या वयाचाही काही अंदाज बांधता येतो.

यांतला पहिला मार्ग ठशाचा. नाणी पाडण्याची आणि मौल्यवान धातूंवर खूण उमटवण्याची कला फार जुनी आहे, आणि पुढे मुद्रणासाठी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, पाडताना पोलादी पंचावर (ठोकायच्या ठशावर) उलटे अक्षर कोरून तो तांब्याच्या तुकड्यात ठोकण्याची रीत युरोपात रुळली. ठोकलेल्या अक्षरातून धातू बाहेर पडत नाही, तो फक्त सरकतो. म्हणून खाचेच्या कडेला किंचित उंचवटा येतो, पत्रा पातळ असेल तर मागच्या बाजूला फुगवटा दिसतो, आणि पंच तिरका बसला असेल तर अक्षराची एक बाजू खोल व दुसरी उथळ राहते. त्याच पंचाच्या धारेला टवका उडालेला असेल, तर तो टवका ते अक्षर येईल तिथे तिथे उमटतो. हे लक्षण माझ्या मते सर्वांत भरवशाचे आहे. खाचेखालचा धातू दाबाने बदललेला असल्यामुळे कानशीने घासून काढलेला क्रमांकही पूर्णपणे नाहीसा होतोच असे नाही. पोलादाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला आणि त्याला तांब्याचे क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावले, की दाबलेला भाग वेगळ्या गतीने खाल्ला जातो आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये हे तंत्र अनेक दशके वापरात आहे.

दुसरा जुना मार्ग हाताने कोरण्याचा. कारागीर पोलादी कोरणी तळहाताने पुढे रेटतो आणि धातूची बारीक वळी समोर उचलली जाते. त्याची खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी, आतून चकचकीत असते. रेघ निमुळती सुरू होते, मध्ये रुंदावते आणि शेवटी पुन्हा बारीक होते, कारण हाताचा जोर आणि कोरणीचा कल कधीच एकसारखा राहत नाही. वळणदार अक्षरात भिंगाखाली लहान लहान सरळ पैलू जोडल्यासारखे दिसतात. ओळीतले दोन ‘३’ शेजारी ठेवून पाहिले, तर ते भावंडांसारखे वाटतील, पण तंतोतंत एक कधीच नसतील.

आम्लाची वाट शस्त्रकारांनी मोठी केली. पंधराव्या शतकात चिलखतांवर नक्षी काढताना मेणासारखा लेप लावून तो हवा तिथे खरवडायचा आणि उघडा पडलेला धातू आम्लाला खाऊ द्यायचा, ही पद्धत प्रचारात आली. आउग्सबुर्गच्या डॅनिएल होपफर याने ती मुद्रणाच्या पत्र्यांकडे वळवली. 1852 मध्ये छायाचित्रणाचा इंग्रज संशोधक फॉक्स टॅल्बट याने प्रकाशाला संवेदनशील लेप वापरून पोलादी पत्र्यावर चित्र कोरण्याचे पेटंट घेतले आणि लेप हाताने खरवडण्याची गरज संपण्याच्या दिशेने पाऊल पडले. आम्लाने केलेल्या अक्षराचा तळ मंद व खरबरीत असतो, कडा किंचित आत खाल्लेली असते, आणि आतले कोपरे इतके अणकुचीदार येऊ शकतात की फिरत्या कटरला ते जमूच नयेत.

वैज्ञानिक उपकरणांनी या साऱ्याला वेगळे वळण दिले. इंग्रज उपकरणकार जेसी रॅम्सडेन याने अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात वर्तुळाचे अंश यंत्राने आखणारे विभाजन यंत्र उभारले, आणि त्याचे वर्णन 1777 मध्ये प्रसिद्ध झाले. रेघा यंत्राच्या झाल्या तरी त्यांच्या शेजारचे आकडे हातानेच कोरले किंवा ठोकले जात. म्हणून त्या काळच्या कोनमापकावर रेघांमधले अंतर निर्दोष आणि आकडे मात्र थोडे हलते, असा मेळ दिसला तर त्यात वावगे काही नाही. उलट आकडेही आकाराने आणि जागेने यंत्रासारखे एकसारखे असतील, तर शंका घ्यायला हवी.

बारीक अक्षरांच्या इतिहासात मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो पँटोग्राफ. जर्मन खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टोफ शायनर याने 1603 च्या सुमारास चित्राची लहानमोठी नक्कल करणारी ही दांड्यांची चौकट रचली आणि 1631 मध्ये तिचे वर्णन छापले. धातूचे काम तिच्याकडून घ्यायला मात्र अडीच शतके जावी लागली. अमेरिकेत लिन बॉइड बेंटन याने 1885 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राने मोठ्या नमुन्यावरून मुद्रणाचे बारीक पंच कापता येऊ लागले. लेस्टर येथे 1886 मध्ये सुरू झालेल्या टेलर, टेलर अँड हॉबसन या भिंगे बनवणाऱ्या कंपनीने भिंगाच्या कड्यांवर माहिती कोरण्यासाठी कोरीव यंत्र विकसित केले, आणि पुढे ते यंत्रच इतर कारखान्यांना विकले. म्युनिकमधील डेकेल ही कंपनीही कॅमेऱ्याची शटर आणि पँटोग्राफ यंत्रे या दोन्हींसाठी नावाजली. छायाचित्रणाच्या साधनांवर इतकी देखणी अक्षरे का आढळतात, याचे कारण या शेजारात आहे.

यंत्राची रचना समजली की खुणा आपोआप उलगडतात. कारागीर पितळी नमुन्यातल्या खोल अक्षरात सुई फिरवतो, आणि दांड्यांच्या दुसऱ्या टोकाशी वेगाने फिरणारा कटर तीच चाल एक दशांशाने करतो. त्याबरोबर हाताची चूकही एक दशांश होते. कटर शंकूच्या आकाराचा व एकाच धारेचा असतो. फिरत्या टोकाने कापल्यामुळे रेघेचे शेवट गोल येतात, रुंदी सर्वत्र सारखी राहते आणि कटर जिथे खाली उतरला तिथे भिंगातून एक बारीक गोल ठिपका दिसतो. कड्यासारख्या वळलेल्या पृष्ठभागावर आणखी एक खूण सापडते, आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे: भाग न फिरवता सपाट चालीने अक्षर कोरले, तर मधला फुगीर भाग कटरला अधिक खोल लागतो व रेघ जाड होते, तर दोन्ही बाजूंना पृष्ठभाग खाली गेल्यामुळे ती बारीक होत जाते. अशा ओळीत मधली अक्षरे ठसठशीत आणि टोकांची फिकी दिसली, तर ती झिजली आहेत असे घाईने म्हणू नये. खाचेत भरलेला रंग कडा झाकतो. तो काढल्याशिवाय निर्णय देणे धोक्याचे.

1952 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे यंत्र दाखवले, आणि काळाच्या ओघात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकडी आज्ञांवर चालणाऱ्या, यंत्रांनी पितळी नमुन्याची जागा घेतली. कटर तोच, गोल शेवटही तेच. म्हणून ही दोन कामे वेगळी करणे सर्वांत अवघड. इथे एकाच आकड्याच्या अनेक नकला तपासाव्या लागतात. पँटोग्राफवरच्या ‘8’ मध्ये रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे हात किंचित हेलकावतो, आणि सुई नमुन्यात कुठून उतरवायची हे कारागीर दर वेळी ठरवत असल्याने उतरणीचा ठिपकाही जागा बदलतो. सीएनसीवर प्रत्येक ‘8’ त्याच बिंदूपासून सुरू होतो आणि त्याच्या साऱ्या उणिवाही तशाच्या तशा दिसतात.

1960 मध्ये पहिला लेझर चालला, आणि 1964 मध्ये बेल प्रयोगशाळांत कार्बन डायऑक्साइड वायूचा व एनडी-याग (निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाचा) हे दोन्ही लेझर तयार झाले. लेझरच्या खाचेत जवळजवळ ओढलेल्या समांतर रेघा, एकावर एक चढलेले खळगे आणि कडेला वितळून गोठलेले दाणे दिसतात. पोलादावर कधी खोली नसलेली, फक्त काळवंडलेली अक्षरेही येतात. 1943 च्या सुमारास सोव्हिएत संघात लाझारेन्को दांपत्याने विकसित केलेल्या विद्युत ठिणगी पद्धतीचा तळही खळग्यांचा असतो, पण लेझरच्या समांतर रेघा तिथे नसतात. 1930 च्या दशकातले म्हणून पुढे केलेले एखादे कडे भिंगाखाली ठेवल्यावर आकड्यांच्या कडेला असे गोठलेले दाणे आढळले, तर ते आकडे नंतर कोरलेले आहेत. मग कड्याचा धातू, त्याची आटी आणि त्यावरचा लेप कितीही जुना असो.