संध्याकाळचं खाणं हाताबाहेर जातं तेव्हा

दिवसभर मोजूनमापून खायचं, आणि घरी आल्यापासून झोपेपर्यंत काही ना काही तोंडात टाकत राहायचं. रात्री मग स्वतःलाच बोल लावायचा. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची खात्री असते की आपला मनावर ताबा नाही. आम्हाला हे निदान घाईचं वाटतं. संध्याकाळी जे दिसतं त्याचं बरंचसं मूळ दुपारी असतं. म्हणून या पत्रकातले उपाय दुपारपासून सुरू होतात, मनाकडे आपण नंतर येऊ. क्रम बदलू नका.

पहिले सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात काहीही कमी करायचं नाही. दुपारी चारनंतर जे तोंडात जाईल त्याची सोबतच्या तक्त्यात एक ओळ लिहायची: वेळ, जागा, बसून की उभ्याने, काय आणि किती, त्याआधीचं खाणं किती वाजता झालं, भुकेचा आकडा, आणि आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं. भुकेच्या आकड्यात ० म्हणजे भूक मुळीच नाही, १० म्हणजे हातपाय गळालेत. ओळ खाण्याआधी लिहा. खाऊन झाल्यावर लिहिलेला आकडा पश्चात्तापामुळे हमखास खाली येतो. कॅलरी आणि वजन या तक्त्यात नको.

भरलेला तक्ता साधारण असा दिसतो:

७:१०, स्वयंपाकघर, उभ्याने, बिस्किटं ६, आधीचं खाणं १२:३०, भूक ८, साहेबांचा फोन, वैताग.
९:४०, सोफा, मोबाइल बघत, चॉकलेट अर्धं, आधीचं खाणं ८:३०, भूक २, मुलं झोपली, सगळं शांत, कंटाळा.

दोन्ही ओळी लिहिणाऱ्याला सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत भावना आहे. पण पहिल्या ओळीत जेवणानंतर ६ तास ४० मिनिटं पोट रिकामं आहे. फोन आला नसता तरी बिस्किटं गेलीच असती. भावनेपोटी झालेलं खाणं म्हणायचं ते दुसऱ्या ओळीतलं. तक्ता भरल्यावर भूक ५ किंवा जास्त असलेल्या ओळींवर एका रंगाने खूण करा, ३ किंवा कमी असलेल्यांवर दुसऱ्या. पहिल्या रंगाचा इलाज जेवणात आहे, दुसऱ्याचा बाहेर. मधल्या ४ च्या ओळी तूर्त सोडून द्या.

दुपारची बाजू

शरीराचं घड्याळच भुकेला संध्याकाळी वर नेतं. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बदलून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे की भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. त्यात दिवसभराची उपासमार मिळवली की काय होणार हे वेगळं सांगायला नको. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या मनात खाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृती जमवू लागले, आणि बंधन उठल्यावर काहींना किती खाल्लं तरी पुरेना. सगळे स्वयंसेवक होते, धडधाकट होते. मनाचा दुबळेपणा म्हणून इथे हात झटकता येत नाहीत.

दुपारच्या जेवणात २० ते ३० ग्रॅम प्रथिनं बसवा. अंदाजासाठी: दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम, २०० ग्रॅम साध्या दह्यात ७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८, शिजवलेल्या कडधान्याच्या एका मोठ्या वाटीत (२०० ग्रॅम) १५ च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मग चार ते साडेपाचच्या दरम्यान, रात्रीच्या जेवणाआधी अडीच-तीन तास, ठरवून खायचं: १० ते १५ ग्रॅम प्रथिनं आणि एक फळ. दही आणि शेंगदाणे, किंवा दोन उकडलेली अंडी. हे कामाच्या ठिकाणीच, निघण्यापूर्वी. घरी येऊन सात वाजता केलं तर ते मधलं खाणं राहत नाही, चरण्याची सुरुवात होते.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, मधलं खाणं वाढवलं म्हणून लोक दुपारचं जेवण कापतात. हिशेब होता तिथेच राहतो. दोन, नुसत्या चहा-कॉफीवर भागवतात. कॉफीने भूक थोडा वेळ दबते, पण कॅफीन अर्धं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, झोप बिघडते, आणि कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी भूक आणखी वाढते. तीन, गोड बिस्किटावर वेळ मारून नेतात आणि तासाभरात पुन्हा हात डब्यात जातो.

एवढा बदल दोन आठवडे करून बघा. पहिल्या रंगाच्या ओळी कमी झाल्या नाहीत तर प्रमाण अजून अपुरं आहे, वाढवा.

घरात शिरल्यावर

पहिली वीस मिनिटं स्वयंपाकघराबाहेर काढा: कपडे बदला, तोंड धुवा, दहा मिनिटं आडवे व्हा किंवा बाहेर एक चक्कर मारा. दिवसाचं काम संपलं हे शरीराला कुठूनतरी कळायला हवं. ते काम आतापर्यंत खाणं करत होतं. जेवण ताटात वाढून, बसून, टीव्ही-मोबाइल बंद ठेवून, किमान वीस मिनिटं. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि टीव्हीसमोर जेवलेलं नीट लक्षात राहत नसल्याने पुढच्या खेपेलाही जास्त खाल्लं जातं.

आवडीच्या पदार्थांवर कायमची बंदी घालू नका. बंदी घातलेला पदार्थच डोक्यात फिरत राहतो. मोठं पाकीट घरात नको, छोटं चालेल. आठवड्यातून दोनदा तो पदार्थ जेवणानंतर, ताटलीत घेऊन, सगळ्यांसमोर खा. चोरून खाण्यातली निम्मी ओढ चोरीची असते, असं आमचं मत.

आता दुसऱ्या रंगाच्या ओळी

शेवटचा रकाना वाचा आणि ‘टेन्शन’ हा शब्द खोडून नेमका शब्द लिहा. थकवा असेल तर हवी आहे विश्रांती, आणि तुम्ही चॉकलेट खाऊन तासभर जागे राहता. एकटेपणा असेल तर माणूस हवं. राग असेल तर ज्याच्यावर आहे त्याला सांगायचं ते कागदावर उतरवा, पाठवायची गरज नाही. कंटाळ्याला हाताला गुंतवणारं काम लागतं. मोबाइल चालत नाही, कारण एक हात मोकळाच राहतो.

पर्याय आधीच ठरलेला असावा, ऐनवेळी सुचत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ पद्धत इथे उपयोगी पडते. ‘रात्री खाणार नाही’ हे वाक्य कुचकामी आहे, कारण त्यात काय करायचं ते नाही. ‘ओटा पुसून झाल्यावर परत डबा उघडावासा वाटला, तर दिवा बंद करून आधी बहिणीला फोन लावीन’ हे चालतं. एका वेळी असं एकच वाक्य, डब्याच्या झाकणावर चिकटवून.

तरीही ओढ वाटली तर वीस मिनिटांचा गजर लावा. ओढ चढते, टोकाला जाते आणि न खाताही उतरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. दर पाच मिनिटांनी तिला १० पैकी आकडा द्या आणि ती कुठे जाणवते ते बघा: जबड्यात, घशात, छातीत. स्वतःशी वाद घालत बसलात तर ती वाढते. गजर वाजल्यावरही हवंच असेल तर ताटलीत घ्या, बसा, खा. ते मोडणं नव्हे.

मोडलं तर

‘आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस जाऊ दे’ हे वाक्य पहिल्या चार घासांपेक्षा जास्त नुकसान करतं. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचं खाणं टाळणं. पुढची संध्याकाळ तिथेच बिघडते. पुढचं खाणं नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं.

२१ दिवसांत सवय बदलते या म्हणण्याला आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं अडलं नाही.

डॉक्टरांकडे कधी

थोड्या वेळात, म्हणजे साधारण दोन तासांत, खूप जास्त खाल्लं जातं, थांबणं हातात राहत नाही, आणि हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. झोपेतून उठून खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणं किंवा जुलाबाची औषधं घेणं, उदासी न हटणं, यांसाठीही थांबू नका. स्टिरॉइड आणि मनोविकारांवरची काही औषधं भूक वाढवतात. स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर खाण्याच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

दुसऱ्या भेटीला तक्ता जसाच्या तसा आणा. रिकामे राहिलेले दिवस मागाहून भरू नका. नोंद कोणत्या दिवशी राहिली हेही आम्हाला उपयोगी पडतं.