ट्रिक-ऑर-ट्रीटसाठी घराची तयारी

हॅलोविनच्या संध्याकाळी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, अमेरिका आणि कॅनडात सोंगं घेतलेली पोरं दारोदार फिरून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) असं ओरडतात आणि घरातली माणसं त्यांच्या पिशवीत कँडी टाकतात. या पोरांसाठी घर, अंगण आणि दार तयार ठेवणं हा त्या सणाचा निम्मा भाग आहे. बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेत सांगाडे, कोळ्यांची जाळी, उंचच उंच भुतं हेच भरतं, पण खरी तयारी दोन गोष्टींची असते, एक म्हणजे अनोळखी पोराला रस्त्यावरूनच कळलं पाहिजे की इथली बेल वाजवली तर चालेल आणि दुसरं म्हणजे अंधारात न धडपडता त्याला दारापर्यंत येता आलं पाहिजे.

सोंगं घेऊन दारोदार फिरायची चाल आयर्लंड आणि स्कॉटलंडची, तिथून आलेल्या लोकांबरोबर ती अटलांटिक ओलांडून आली. १९२७ साली कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी गावच्या बातमीत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द छापलेले सापडतात. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं त्यामुळे सगळंच थंडावलं, अमेरिकेत हे रेशनिंग १९४७ मध्ये उठलं आणि त्याच सुमारास शहरांबाहेर नवीन वस्त्या उभ्या राहिल्या, ओळीने घरं, प्रत्येकाला पोर्च, पोरांना चालत फिरता येईल असे रस्ते, मग ही प्रथा देशभर पक्की झाली.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम कुठेही लिहिलेला नाही, तो म्हणजे पोर्चचा दिवा. दिवा चालू असेल तर या, बंद असेल तर पुढच्या घरी जा. पाच-सहा वर्षांच्या पोरांनाही हे माहीत असतं. त्यामुळे ज्यांना त्या दिवशी जमणार नाही त्यांनी दिवा बंद ठेवला की झालं, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण अंगणभर सजावट करून दिवा मात्र बंद ठेवणं वाईट, पोरं आशेनं येतात आणि परत फिरतात.

दिव्यानंतर वाट. दुपारीच पाण्याचा पाइप, सायकली, कुंड्या बाजूला करायच्या, पायऱ्यांवरची ओली पानं झाडून काढायची कारण ऑक्टोबरच्या शेवटी पानगळ जोरात असते आणि भिजलेल्या पानावरून पाय सटकतोच. शिवाय पोराच्या तोंडावर मुखवटा, अंगात पायघोळ झगा, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. सजावटीच्या लाइटच्या वायरी वाटेत आडव्या टाकू नयेत, कडेकडेने न्याव्यात. गाडी शक्यतो गॅरेजमध्ये घालावी आणि त्या दोन-तीन तासांत बाहेर काढू नये. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांचा एक अभ्यास झाला होता, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा वाचल्यावर भुतांपेक्षा ड्राइव्हवेची, म्हणजे गाडी आत-बाहेर करायच्या वाटेची, काळजी जास्त वाटते.

दारात ठेवायला भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा लावतात, पण तो कोरायची घाई करू नये. फार तर दोन-तीन दिवस आधी कोरावा, नाहीतर कडा सुकून आत वळतात, बुरशी धरते आणि खारी तो कुरतडतात ते वेगळंच. झाकण कापताना सुरी तिरपी धरायची, सरळ कापलं तर झाकण आत पडतं. बिया आणि तंतू काढून झाले की ज्या बाजूला चेहरा कोरायचा ती आतून मोठ्या चमच्याने खरवडून इंचभर जाडीची करायची, मग सुरी सहज फिरते आणि उजेडही छान बाहेर येतो. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा, कारण पोरांचे झगे अगदी त्या उंचीवर घोळत असतात. बिया धुऊन, मीठ लावून भाजल्या की चांगल्या लागतात.

कँडी किती आणायची हे गल्लीवर असतं, एखाद्या घरी दहा पोरं येतात तर दोन रस्ते सोडून तीनशे, त्यामुळे नवीन राहायला आलेल्यांनी शेजाऱ्यांना विचारावं हे उत्तम. पाकीटबंद छोटे चॉकलेट बार सगळ्यात सोयीचे. चार वर्षांखालच्या पोरांना कडक गोळ्या देऊ नयेत, घशात अडकतात. घरी केलेला खाऊ मात्र चालत नाही, आपल्याकडे दारी आलेल्या पोराच्या हातावर लाडू ठेवायची सवय आहे पण इथे उघडा खाऊ आईबाप घरी गेल्यावर सरळ फेकून देतात. यामागे अनोळखी लोक कँडीत विष घालतात अशी जुनी भीती आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी वर्षानुवर्षं अशा बातम्या तपासल्या तेव्हा अनोळखी माणसाने वाटलेल्या कँडीने पोर दगावल्याचं एकही खरं प्रकरण त्यांना सापडलं नाही. तरी आईबापांचं मन राखावं, पाकीटबंदच द्यावं.

शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या पोरांची सोय करणं ही अलीकडची आणि फार चांगली भर आहे. दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला म्हणजे इथे खाण्याऐवजी स्टिकर, पेन्सिली, छोटी खेळणी पण मिळतात. ही कल्पना अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातून निघाली आणि २०१४ पासून देशभर पसरली. पंधरा-वीस वस्तू वेगळ्या वाडग्यात ठेवायला काहीच लागत नाही, प्रत्येक घराने हे करावं.

कुत्रा असेल तर त्याला मागच्या खोलीत ठेवावं, सारखी बेल वाजून तो बिथरतो, आणि चॉकलेट त्याला विषासारखं असतं. वाडगा बाहेर ठेवून निघून जाण्यापेक्षा स्वतः दारात बसणं कधीही बरं, पोरांना सोंग कोणाला तरी दाखवायचं असतं! आयोवा राज्यातल्या डे मॉईन शहरात तर पोरं कित्येक वर्षं ३० तारखेला फिरत असत, आणि कँडीआधी एक जोक सांगायची तिथे पद्धत आहे, तो ऐकायला दारात माणूस हवाच. कधी तारीखच पुढे जाते, न्यू जर्सीत २०१२ साली सँडी वादळानंतर तारा, झाडं पडलेली असल्यामुळे गव्हर्नरने आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरला ढकलला होता.

दिवाळी बऱ्याचदा याच आठवड्यात येते. २०१६ साली पाडवा आणि २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा वर्षी मराठी घरांनी पणत्या आणि रांगोळी वाटेच्या मधोमध न मांडता कठड्यावर किंवा दाराच्या एका अंगाला मांडाव्यात, पणती बॅटरीची असली तर आणखी बरं. आकाशकंदील मात्र पोर्चमध्ये खुशाल लावावा, पोरं हमखास थांबून हे काय आहे असं विचारतात.