लूर्द : चमत्काराची वैद्यकीय परीक्षा

दक्षिण फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले लूर्द हे कॅथलिकांचे मोठे तीर्थक्षेत्र. ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात मासाबिएलच्या गुहेपाशी आपल्याला येशूची आई मेरी हिचे अठरा वेळा दर्शन झाले, असे बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीने सांगितले. गुहेतल्या झऱ्याच्या पाण्याने आजार बरे झाल्याचे दावे लगेच येऊ लागले. त्याच वर्षी तूलूझचे रसायनज्ञ फिलोल यांनी ते पाणी तपासले, तेव्हा ते साधे पिण्याचे पाणी निघाले. पाण्यात औषधी गुण असल्याचे चर्चही म्हणत नाही. १८६२ मध्ये तार्बचे बिशप लोरांस यांनी ही दर्शने खरी मानली.

१८८३ पासून येथे वैद्यकीय केंद्र आहे. लूर्दला आलेला कोणताही डॉक्टर, मग तो श्रद्धाळू असो वा नास्तिक, तेथील तपासणीत भाग घेऊ शकतो. कसोट्या अठराव्या शतकातल्या, कार्डिनल लांबेर्तीनी (पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट) यांच्या. आजार गंभीर व निदान पक्के हवे, घेतलेल्या उपचारांनी गुण आल्याची शक्यता नसावी, आणि रुग्ण अचानक, पूर्णपणे व कायमचा बरा झालेला असावा. त्यानंतर प्रकरण आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समितीकडे जाते. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द वापरत नाहीत. आजच्या ज्ञानाने उलगडा होत नाही, एवढेच ते सांगतात. निर्णय रुग्णाच्या धर्मप्रांताचा बिशप देतो.

या पद्धतीचे मोल तिच्या नकारांत आहे. सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी २०२५ पर्यंत फक्त ७२ मान्य झाले. त्यांतले ६२ हे १९६५ पर्यंतचे. त्यानंतरच्या साठ वर्षांत अवघे १०. निदानाची साधने सुधारली तशी मान्यता दुर्मीळ होत गेली, आणि संशयवाद्यांचा आक्षेप नेमका येथेच आहे : जुन्या यादीत क्षयरोगी पुष्कळ आहेत, तेव्हाची निदाने कितपत भरवशाची? काही गंभीर आजार उपचारांविना आपोआप ओसरल्याच्या नोंदीही वैद्यकशास्त्रात आहेत. आक्षेप वजनदार आहे. पण तो मान्य करूनही हाती उरणाऱ्या मोजक्या प्रकरणांना खोटेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सी कारेल १९०२ मध्ये येथे आले. पोटाच्या क्षयाने मरणासन्न झालेली एक तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत सुधारली. कारेल यांना पुढे १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तरुणीचे प्रकरण मात्र चमत्कारांच्या यादीत कधीच आले नाही.

लूर्दवर विश्वास ठेवणे कॅथलिकांवर बंधनकारक नाही. अशी दर्शने ‘खासगी प्रकटीकरण’ मानली जातात व ती श्रद्धेच्या मूळ ठेव्यात, म्हणजे चर्चच्या मूळ शिकवणीत, भर घालत नाहीत. तरी भक्ती दूरवर पोचली. मुंबईत मालाडच्या ऑर्लेम भागातले चर्च लूर्दमातेचेच.

डिसेंबर २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या आर्चबिशपांनी एकाहत्तरावा चमत्कार जाहीर केला. तो पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जॅक ट्रेनर यांचा, १९२३ मधला. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांच्या नोंदी नव्याने वाचून हा निर्णय झाला; त्या रुग्णाला आज पुन्हा तपासणे कोणालाच शक्य नव्हते.